हृदय बंद पडण्याचा प्रसंग पडद्यावर खरा कसा उभा करावा

मालिकेसाठी, लघुपटासाठी किंवा स्पर्धेच्या एकांकिकेसाठी तुम्ही हॉस्पिटलचा प्रसंग लिहायला घेतलाय, असं मी धरून चालते. गोष्ट ठरली आहे, पेशंट कोण आणि बाहेर बाकावर कोण रडणार हेही ठरलंय. त्यात मी पडणार नाही. मी आयसीयूत सिस्टर म्हणून काम केलं आणि नंतर संहितांमधले वैद्यकीय प्रसंग तपासायला, सेटवर उभं राहून ते करवून घ्यायला लागले. ‘प्रेक्षकांना काय कळतंय’, ‘ड्रामा हवाय, डॉक्टरी नको’ हे सल्ले तिथे रोज मिळतात. ते ऐकू नका. घरात माणूस कोसळला तर छाती कशी दाबायची, हे आपल्याकडे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांनी ते पाहिलेलं असतं फक्त पडद्यावर. म्हणून तुमच्या नटाचे हात काय करतात याला फार महत्त्व आहे. आणि खरा प्रसंग रंगत नाही असं म्हणणाऱ्याने तो कधी जवळून पाहिलेला नसतो.

पायरी पहिली: नक्की काय झालंय ते ठरवा

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. पेशंट शुद्धीवर असतो, बोलतो, घामाने निथळतो. छाती मधोमध आवळल्यासारखी वाटते, जबडा किंवा हात दुखतो, आणि बऱ्याचदा तो स्वतःच ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत राहतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी नुसती धाप लागते, मळमळतं. हृदय बंद पडलं की मात्र काही सेकंदांत शुद्ध हरपते. अटॅकमुळे हृदय बंद पडू शकतं, पण पेशंटला शेवटचं काही बोलायचं असेल तर ते त्याआधीच बोलू द्या.

पायरी दुसरी: काळ तपासा

बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून १९६० साली जगापुढे मांडली. तुमची गोष्ट १९४५ची असेल तर डॉक्टरने छाती दाबायची नाही.

पायरी तिसरी: मॉनिटर आणि शॉक

इथे सगळे अडकतात. मीही इथेच सगळ्यात जास्त झगडले, कारण इथे लेखक, दिग्दर्शक, कला विभाग आणि संकलक अशा चौघांना पटवावं लागतं आणि चौघांच्याही डोक्यात एकच चित्र पक्कं बसलेलं असतं: पडद्यावर सरळ रेघ, लांबलचक बीप, डॉक्टर पॅडल (शॉक द्यायच्या हातातल्या पट्ट्या) एकमेकांवर घासतो, शॉक देतो, पेशंट गादीवरून उसळतो, ठोके परत सुरू. या साखळीतली एकही कडी बरोबर नाही.

सरळ रेघेला शॉक देत नाहीत. हे वाक्य संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शॉकने थांबलेलं हृदय सुरू होत नाही. शॉक लागतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा. त्याला व्हीएफ म्हणतात. हृदयात वीज असते, पण गोंधळलेली. भजनात प्रत्येक टाळकरी आपल्याच लयीत टाळ कुटायला लागला तर बुवा एकदम सगळ्यांना थांबवतात आणि पुन्हा ठेका धरतात. शॉक तेवढंच करतो: सगळा गोंधळ क्षणभर थांबवतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठेका पुन्हा पुढे येऊ शकतो. सरळ रेघ म्हणजे मंडपात टाळकरीच उरलेले नाहीत. तिथे थांबवायचं कोणाला?

म्हणून लिहिण्याआधीच दोनपैकी एक निवडा. शॉक हवा असेल तर व्हीएफ लिहा. पडद्यावर रेघ सरळ नसते, खालीवर वेडीवाकडी नाचत असते. ती सरळ रेघेपेक्षा जास्त अंगावर येते, हे मी दिग्दर्शकांना दाखवून पटवते. सरळ रेघच हवी असेल तर शॉक विसरा. छाती दाबणं आणि दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन शिरेतून देणं, एवढंच काम असतं. सरळ रेघ पाहून अनुभवी सिस्टर आधी काय करते ते दाखवा. तिचा एक हात पेशंटच्या मानेवर नाडीसाठी जातो, दुसरा छातीवरच्या वायरींकडे, कारण वायर निघाली तरी रेघ सरळ होते. ते दोन-तीन सेकंद कुठल्याही पार्श्वसंगीताशिवाय दाखवा. नाट्य तिथे आहे.

आता शॉकचं बारकाव्याचं. पॅडल एकमेकांवर घासायची नाहीत. त्यांना जेल लावायची, नाहीतर चिकटणारे पॅड वापरायचे. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली. दोन्ही छातीच्या मधोमध शेजारीशेजारी ठेवलेले मी इतके पाहिले आहेत की कला विभागाला मी आता हे चित्र काढूनच देते. कपड्यांवरून शॉक देत नाहीत. छाती उघडी करतात, बाईचीही. ते दाखवता येणार नसेल तर फ्रेम खांद्यापर्यंत ठेवा, पण साडीवर पॅडल ठेवू नका. शॉक देणाऱ्याने ‘सगळे बाजूला’ म्हणायचं आणि खरंच सगळीकडे पाहायचं. ऑक्सिजन लांब करायचा. पेशंटचे खांदे आणि हात झटका बसल्यासारखे हलतात, अख्खं शरीर गादीपासून वर उडत नाही. दर शॉकला ‘दोनशे! तीनशे! तीनशे साठ!’ असा चढता आकडा ओरडणं जुन्या यंत्रांच्या काळातलं आहे. आजच्या यंत्रांवर साधारण दोनशे ज्यूलपर्यंत काम होतं.

शॉक दिल्यावर सगळे श्वास रोखून मॉनिटरकडे पाहतात, असं कधीही लिहू नका. शॉक संपताक्षणी पुन्हा छाती दाबायला सुरुवात होते, आणि सलग दोन मिनिटं दाबल्यावरच थांबून रेघ पाहतात. शिवाय छाती दाबली जात असताना पडद्यावर त्या दाबाच्याच लाटा उमटत राहतात. तेव्हा रेघ सरळ दिसूच शकत नाही.

एक ताकीद, आणि यात मी तडजोड करत नाही. सेटवर चालू डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं यंत्र, आणायचा नाही. भाड्याने आलेलं यंत्र बॅटरीवर जिवंत असतं. धडधाकट माणसाला चुकून शॉक लागला तर त्याचंच हृदय थरथरू लागू शकतं. बॅटरी काढली का, हे दुसऱ्याला विचारू नका, स्वतः उघडून पाहा. नाहीतर रिकामा सांगाडा वापरा. मॉनिटरसाठी टॅबलेटवर व्हिडिओ पुरतो. सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) शिकवणाऱ्यांकडे प्रशिक्षणासाठी केलेल्या रेघा असतात, त्यांच्याकडून घ्या.

पायरी चौथी: हात

कोपर सरळ. खांदे थेट तळहातांच्या वर. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. खोली पाच ते सहा सेंटिमीटर, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

नट कोपर वाकवून हलकेच दाबतात, कारण खाली जिवंत सहकलाकार असतो. त्यांचं बरोबरच आहे. धडधाकट माणसाच्या छातीवर खरे दाब कधीच द्यायचे नाहीत, बरगडी मोडते. म्हणून दोन शॉट करा. लांबच्या शॉटमध्ये हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये सीपीआरचा पुतळा ठेवा आणि नटाला जीव खाऊन दाबू द्या. जवळच्या शॉटमध्ये फक्त दाबणाऱ्याचा चेहरा आणि खांदे घ्या, किंवा पेशंट झालेल्या नटाचा चेहरा घेऊन गादी बाहेरून हलवा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं ॲप) लावून वेग एकशेदहावर बसवा. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून माणूस बदलतो. ती अदलाबदल जरूर दाखवा. घामाघूम झालेला रेसिडेंट बाजूला होतो आणि वॉर्डातले मामा न सांगता त्याच्यासाठी स्टूल सरकवतात, असं दृश्य मला पडद्यावर फार कमी दिसलंय.

पायरी पाचवी: कोण काय करतं

सिस्टरला नुसती ट्रे धरून ‘डॉक्टर! डॉक्टर!’ करत धावायला लावू नका. वॉर्डात पेशंट कोसळल्यावर बहुतेक वेळा सिस्टरच आधी पोचते, छाती दाबायला तीच सुरुवात करते, आणि डॉक्टर येईपर्यंत इमर्जन्सी ट्रॉली खाटेजवळ आलेली असते. मग कामं वाटली जातात: एक जण छाती दाबतो, एक डोक्याशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन, एक औषधं भरून देतो, एक घड्याळ पाहून नोंदी करतो. मुख्य डॉक्टर पायथ्याशी उभा राहून सूचना देतो, आणि ज्याला सूचना मिळाली तो ती मोठ्याने परत म्हणतो: ‘ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम दिलं.’ हे लिहिलंत की संवाद आपोआप चोख होतात. दहा जणांनी एकाच वेळी ओरडणं काढून टाका.

नातेवाईक काचेतून बघतायत, हे चालेल. खाटेला बिलगून हलवतायत, हे नाही.

पायरी सहावी: निकाल

१९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डीम, लँटोस आणि टुल्स्की यांचा अभ्यास आला. ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या अमेरिकी कार्यक्रमांचे ९७ भाग त्यांनी पाहिले. त्यांत सीपीआरचे ६० प्रसंग होते. ७५ टक्के पेशंट त्या क्षणी वाचले, आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झाल्यासारखे दाखवले होते. प्रत्यक्षात हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी परतणारे अमेरिकेतही दहातले साधारण एकच. घरच्यांना वाटतं, दोन मिनिटं दाबलं की माणूस उठतो, आणि मग त्याच अपेक्षेने ते आयसीयूच्या दाराशी उभे राहतात. त्यांना सत्य सांगणं किती जड जातं ते मी पाहिलंय.

नायकाला वाचवायचंच असेल तर वाचवा. पण हृदय सुरू झाल्यावर तो डोळे उघडून ‘मी कुठे आहे?’ विचारत नाही. बहुतेक वेळा तो बेशुद्धच असतो, घशात नळी, व्हेंटिलेटर चालू. नळी असताना आवाज निघत नाही. पुढचे काही दिवस मेंदूला किती इजा झाली हे कळण्यात जातात. याच काळात तुमचे चार भाग सहज निघतील. वाचला तर शुद्धीवर आल्यावर त्याच्या बरगड्या दुखतील, तेही लिहा.

गेला असेल तर डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो, छाती ऐकतो, सरळ रेघेची ईसीजी पट्टी काढून केसपेपरला लावतो, वेळ लिहितो. चेहऱ्यावर चादर ओढून लगेच बाहेर पडत नाही.

पायरी सातवी: नातेवाइकांशी बोलणं

कॉरिडॉरमध्ये मास्क खाली ओढून ‘आता सगळं देवाच्या हातात’ म्हणणारा डॉक्टर नको. त्यांना बसवून, साध्या वाक्यांत: ‘बाबांचं हृदय बंद पडलं होतं. ते परत सुरू झालंय, पण ते अजून शुद्धीवर नाहीत. आज रात्री काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही.’ बस.

त्याच बाकावर ‘माझं रक्त घ्या, डॉक्टर!’ असा प्रसंग जोडायचा मोह आवरा. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त तीन मुलांच्या हातांतून रक्त वर चढून आईच्या शरीरात गेलं, आणि तेव्हापासून ही नळी पडद्यावरून हललेली नाही. रक्त बाटलीतून नाही, पिशवीतून येतं, रक्तपेढीतून येतं. त्याआधी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्या होतात, मग पेशंटच्या रक्ताशी जुळवून पाहतात. दुर्मीळ गट हवा असेल तर बॉम्बे ब्लड ग्रुप वापरा. तो १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधला. अशा पेशंटला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. कथेला याहून मोठा पेच कशाला हवा?

पायरी आठवी: प्रसंग घरातला असेल तर

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण हेच घराघरांत होणार आहे. पाणी शिंपडणं, तळपाय चोळणं, कांदा फोडून नाकाशी धरणं, काही दाखवू नका. हाक मारायची, खांदा हलवायचा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, की १०८ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि दाबायला सुरुवात. थांबून थांबून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, हे एखाद्या पात्राच्या तोंडी घाला. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आणि पेशंट जमिनीवर हवा, मऊ पलंगावर नाही.

पायरी नववी: संकलनाच्या वेळी हजर राहा

सेटवर सगळं नीट झालेलं असतं आणि मग ध्वनीच्या टेबलावर साठ्यातली तीच लांबलचक बीप चिकटवली जाते, छाती दाबली जात असतानाच सरळ रेघेचा क्लोजअप घुसतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. संकलकाला आधीच लेखी द्या: मॉनिटरचा अलार्म थांबून थांबून वाजतो, सलग नाही. हात हलत असतील तोवर रेघ हलायला हवी. शॉकनंतरचा कट मॉनिटरवर नको, हातांवर हवा. अंतिम मिक्सच्या आधी एकदा आवाज बंद करून आणि एकदा चित्र न पाहता नुसतं ऐकून प्रसंग तपासा. बीप राहिली असेल तर दुसऱ्या खेपेला लगेच सापडते.