फूट की मीटर? अंदाजाने फोकस करताना या चुका टाळा

रोल धुऊन आला की आधी निगेटिव्ह भिंगाखाली धरा. माणूस धूसर आणि मागची कुंडी खणखणीत, तर अंतर चुकलं. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, तर हात हलला. एकामागून एक सगळ्या फ्रेम पिठूळ असतील, तर संशय कॅमेऱ्यावर घ्या.

१९६६ साली आलेल्या रोलाय ३५ सारख्या फिल्म कॅमेऱ्यात माणूस किती लांब आहे याचा अंदाज घेऊन तो आकडा लेन्सच्या रिंगवर आपणच लावायचा असतो. व्ह्यूफाइंडर म्हणजे नुसती खिडकी. लेन्स कितीवरही असो, त्यातून सगळं स्पष्टच दिसतं. एसएलआरची, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची, सवय असलेला इथेच फसतो.

माझी पहिली चूक तर लाजिरवाणी होती. बऱ्याच जुन्या लेन्सवर फूट आणि मीटर असे दोन्ही आकडे असतात. डोक्यात पाच फूट होते आणि मी लेन्स आणली ५ मीटरवर. काकूंच्या मांडीवरचं बाळ धुकट आलं. हॉलच्या पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख मात्र वाचता येत होती. तेव्हापासून फुटांच्या आकड्यांशेजारी नेलपेंटचा ठिपका आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या अंतरांना सारखंच घाबरणं. ४० मिमी लेन्स, एफ ८ (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान), फोकस १० फुटांवर: साधारण ७ ते १८ फुटांपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे उन्हात, घोळक्याचा फोटो काढताना अंदाज दोन फुटांनी चुकला तरी बिघडत नाही. तीच लेन्स घरात एफ ३.५ वर उघडली आणि माणूस ४ फुटांवर असला, तर हाताशी उरतात जेमतेम ८ इंच. तो हसताना मागे रेलला तरी गेला फोटो. त्यामुळे प्रकाश कमी असेल तेव्हा जवळ जायचा मोह आवरा, किंवा सरळ मोजा.

मोजायला टेप कशाला? कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे दीड फूट. दोन्ही हात पसरले की वाव, जवळपास आपल्याच उंचीएवढी. घरात दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर त्या मोजायच्या. फक्त मोजणी फिल्मपासून करायची, लेन्सच्या तोंडापासून नाही. तीन-चार फुटांवर हा फरक जाणवतो. आणि अंतर लावून झाल्यावर फ्रेम जुळवायला अर्धं पाऊल पुढे सरकू नका. हे मी अजूनही करतो.

आता कॅमेऱ्याचा दोष. आग्फाच्या घडीच्या कॅमेऱ्यांत, विशेषतः इझोलेटमध्ये, लेन्सच्या आट्यांमधलं ग्रीस हिरवं पडून दगडासारखं होतं. मग रिंग फिरवली की पुढच्या काचेबरोबर मधलीही फिरते. आकडा बदलतो, फोकस भलतीकडेच जातो. पक्कड लावून जोर करू नका, कारागिराकडून साफ करून घ्या.

परत आल्यावर तपासा. मागचं झाकण उघडून, फिल्म बसते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर बी वर (बटण दाबून धराल तोवर ते उघडं राहतं), छिद्र पूर्ण उघडं, रिंग अनंताच्या (∞) खुणेवर. लांबच्या पाण्याच्या टाकीकडे कॅमेरा रोखा आणि डोक्यावर काळं कापड घ्या. कागदावर टाकी उलटी दिसेल. तिची शिडी रेखीव दिसत नसेल, तर कॅमेरा पुन्हा कारागिराकडे न्या.