मनगट मुरगळलंय की मोडलंय?

खानापूरकडं पावसात बांधावरून पाय घसरला की माणूस हात टेकतो, सगळा भार मनगटावर. सूज फारशी नसते, म्हणून तेल चोळलं जातं. चोळू नका, कुणाकडून ओढून तर अजिबात घेऊ नका. अंगठा ताणून वर करा; त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दोन ताणलेल्या शिरांमध्ये खळगा पडतो. तिथं दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड हे मनगटातलं लहानसं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ही चीर कधीकधी दिसतच नाही. तरी डॉक्टरांनी घातलेलं स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू नये म्हणून बांधलेला आधार, काढू नका, 10 ते 14 दिवसांनी परत फोटो काढा. या हाडाला रक्तपुरवठा मुळातच बेताचा, हयगय केली तर ते जुळत नाही. अंगठी-बांगड्या सूज चढायच्या आत उतरवा. बोटं बधिर किंवा पांढरी पडली, तर वाट न बघता बेळगाव गाठा.