ट्रायथलॉन बाइक की रोड बाइक? पैसे मोजण्याआधी एवढं करून बघा

ट्रायथलॉनचं मनावर घेतलं की पोहणं आणि पळणं बाजूला राहतं आणि पहिली चौकशी सुरू होते ती सायकलची. गोव्यात २०१९ मध्ये आयर्नमन ७०.३ पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असा तिचा मामला. आता घराजवळच अशी स्पर्धा आहे म्हटल्यावर ‘ट्राय बाइक (ट्रायथलॉनसाठीची खास सायकल) घेऊ का?’ हा प्रश्न यायचाच.

ट्राय बाइक सपाट रस्त्यावर वेगाने पळते, यात वाद नाही. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवा अडवण्यात सायकलपेक्षा आपल्या अंगाचाच वाटा मोठा असतो. कोपरं टेकवून पुढे वाकलं की हा अडथळा कमी होतो. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनवाल्यांचे एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून धरायचे पुढे आलेले दांडे, लावून त्याने २४.५ किलोमीटरची ती टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत) मारली आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. समोरच्या लोरां फिन्योंच्या सायकलला एरोबार नव्हते.

पण हा फायदा खाली वाकून राहता आलं तरच मिळतो. दर दहा मिनिटांनी पाठ धरली म्हणून उठून बसायचं असेल, तर कितीही भारी सायकल घ्या, पैसे वाऱ्यावरच. म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. क्रम असा ठेवा.

पायरी १: स्पर्धेची नियमावली वाचा

दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, परवानगी आहे का ते आधी बघा. ऑलिंपिकसारख्या ड्राफ्टिंगच्या शर्यतींत ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलचीच सायकल लागते, ट्राय बाइक चालत नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी त्या वाटेने जाणार असेल तर विषय तिथेच संपला, रोड बाइक घ्या. आयर्नमनमध्ये हौशी स्पर्धकांना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. तिथे वारा ज्याचा त्यानेच कापायचा, त्यामुळे एरोबारला खरी किंमत येते.

पायरी २: सायकल वर्षभर कुठे फिरणार, ते कागदावर लिहा

स्पर्धा वर्षातून एखाद-दुसरी. बाकीचे सगळे रविवार तुम्ही कुठे असता? पुणेकर सिंहगड, कात्रज, फार तर पसरणी घाट. मुंबईकर घोडबंदर किंवा जुना मुंबई-पुणे रस्ता, कारण एक्स्प्रेस-वेवर सायकल न्यायची परवानगीच नाही. यातलं सपाट आणि मोकळं किती, ते प्रामाणिकपणे लिहा.

ट्राय बाइकवर गिअर पुढच्या एरोबारच्या टोकाला असतात आणि ब्रेक बाहेरच्या आडव्या दांड्यावर. कोपरं टेकवून ताशी ३६ किलोमीटरने जाताना सेकंदाला १० मीटर अंतर कापलं जातं. समोर कुत्रं आडवं आलं की आधी कोपरं उचलायची, हात बाहेर न्यायचे, मग ब्रेक दाबायचा. हे सगळं एका सेकंदात उरकलं तरी ब्रेक लागायच्या आधीच १० मीटर संपलेले असतात. आपल्या रस्त्यांवर रिक्षा इंडिकेटर न देता वळते आणि स्पीडब्रेकरला पांढरा पट्टा असेलच असं नाही. तिथे हा हिशोब आधीच मांडलेला बरा.

घाटात तर उलटीच तऱ्हा. चढावर आडवा दांडा धरून बसलात की गिअर बदलायला हात पुढे न्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक गिअरची बटणं दोन्हीकडे असतील तर हा त्रास वाचतो, पण त्याचे पैसे वेगळे. उतारावर वजन पुढच्या चाकावर जास्त येतं, हँडल चंचल होतं, आणि उंच कडेची चाकं असतील तर आडवा वारा सायकल ढकलत राहतो. शिवाय गटात चालवताना एरोबारवर वाकलेला माणूस कुणालाच शेजारी नको असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पायरी ३: आहे त्या रोड बाइकवर एरोबार लावून बघा

माझ्या मते निर्णय इथेच होतो. क्लिप-ऑन, म्हणजे आहे त्या हँडलवर वरून बसवायचे, एरोबार ट्राय बाइकच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात येतात. घेण्याआधी हँडलचा मधला भाग गोल आहे ना ते बघा. बहुतेक हँडल तिथे ३१.८ मिलिमीटर जाडीची असतात आणि क्लॅम्प त्याच मापाचे मिळतात. चपट्या एरो हँडलवर ते बसत नाहीत. हँडल कार्बनचं असेल तर त्यावर क्लॅम्प चालतो का हे कंपनीच्या माहितीत वाचा आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा.

नुसते एरोबार लावून भागत नाही. रोड बाइकच्या सीटच्या नळीचा कोन साधारण ७३-७४ अंश असतो, ट्राय बाइकचा ७६ ते ८० च्या आसपास. त्यामुळे ट्राय बाइकवर बसणारा पेडलच्या जवळजवळ वर येतो आणि कितीही वाकला तरी मांडी पोटाला भिडत नाही. रोड बाइकवर हे थोडंफार साधायला सीट पुढे सरकवा आणि किंचित वर घ्या, कारण पुढे सरकल्यावर पेडल जवळ येतं. बदल करण्याआधी जुन्या जागेवर टेपने खूण करून ठेवा.

आता सायकल ट्रेनरवर (घरात जागेवरच चालवायच्या स्टँडवर) चढवा आणि फोन बाजूला उभा करून व्हिडिओ घ्या. पाय सर्वांत वर असताना गुडघा पोटावर आदळतो का? नितंब डावी-उजवीकडे हलतात का? मान दुखायला लागून नजर जमिनीकडे जाते का? वीस मिनिटं जमलं की पहाटेच्या मोकळ्या, सपाट पट्ट्यावर जा. तिथे सलग चाळीस मिनिटं न उठता काढता आली, बाटलीतून पाणी पिता आलं, केळं सोलून खाता आलं, तर ट्राय बाइकचा विचार करायला तुम्ही मोकळे. दोन-तीन महिन्यांच्या सरावानंतरही जमत नसेल तर एरोबार काढून ठेवा आणि रोड बाइकवर खुशाल शर्यत करा. नियम त्याला आडवे येत नाहीत.

पायरी ४: वाचणाऱ्या मिनिटांची किंमत काढा

९० किलोमीटर ताशी ३० ने तीन तासांत होतात. ताशी ३२ ने गेलात तर साधारण सव्वाअकरा मिनिटं वाचतात. ही मिनिटं तुम्हाला कशासाठी हवीत? वयोगटात क्रमांक काढायचा असेल तर फार आहेत. शर्यत पूर्ण करणं एवढंच ध्येय असेल तर तीच मिनिटं पोहण्याच्या शिकवणीत जास्त स्वस्त मिळतील.

खर्चाचा माझा क्रम असा: आधी चांगलं बाइक फिटिंग (अंगाच्या मापाप्रमाणे सायकल जुळवून घेणं), मग चांगले टायर, एरोबार, एरो हेल्मेट, आणि त्यानंतर नवी सायकल. फिटिंगवाल्याकडून स्टॅक आणि रीच लिहून घ्या. पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या अक्षाच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या, हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. ‘मीडियम’ किंवा ‘५४’ हे कंपनीगणिक बदलतं, हे दोन आकडे मात्र एका सायकलवरून दुसरीवर ताडून बघता येतात.

पायरी ५: तरीही ट्राय बाइकच घ्यायची ठरली, तर

आधीची रोड बाइक विकू नका. घाट, गटातल्या राइड आणि पावसाळा तिच्याच नशिबी राहणार आहे.

पहिली ट्राय बाइक सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. हौस फिटलेल्या लोकांच्या कमी चाललेल्या सायकली मिळतात. मात्र फोटो बघून बयाणा देऊ नका. सीटपोस्टच्या क्लॅम्पजवळ आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) वरच्या भागात कार्बनला केसाएवढीही चीर नाही ना, हे उजेडात बघा. दमट किनाऱ्यावरची किंवा घरात ट्रेनरवर घामात भिजलेली सायकल असेल तर हेडसेटचे (हँडल जिथे फिरतं तिथले) बेअरिंग आणि एरोबारचे बोल्ट गंजलेले असू शकतात, ते उघडायला लावा. आतून गेलेल्या केबल बदलायचं काम किचकट असतं, म्हणून तुमच्या मेकॅनिकला आधीच विचारा की तो हे करणार का.

एरोबार आणि हँडल एकसंध असलेलं मॉडेल बॉक्समध्ये भरताना किती खोलावं लागतं, तेही विक्रेत्याकडून करून बघा. गोव्याला गाडीच्या टपावर गेली तर प्रश्न नाही, विमानाने न्यायची तर आहे. आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, त्या मॉडेलचा वेगळा मागवावा लागत असेल तर सायकलीसोबतच एक जास्तीचा घेऊन ठेवा. तो वाकला आणि मिळाला नाही, तर शर्यतीच्या आठवड्यात सायकल घरीच बसते.