निकालाआधीचे सत्तावन्न दिवस

दहावीचा शेवटचा पेपर, भूगोलाचा, १७ मार्च २०२५ ला झाला. निकाल लागला १३ मेला. मधले दिवस सत्तावन्न. ते मी मोजले. ज्याची परीक्षा होती त्याने एकही मोजला नाही.

पेपर संपला की मित्रांसोबत आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर जायचं, असं पोराचं महिनाभर आधीपासून ठरलेलं. त्याच संध्याकाळी शहरातल्या महाल भागात दंगल उसळली आणि आमच्या नंदनवनसह शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. सुट्टीचे पहिले दिवस तो घरात आणि मीही घरात. संचारबंदी उठल्यावर तो बाहेर पडला, पोरांत मिसळला, आणि परीक्षा नावाची गोष्ट त्याच्या डोक्यातून निघून गेली. मी मात्र भूगोलाच्या पेपरवरच अडकून राहिले.

घरातला हा तिसरा निकाल. थोरली २०२१ ला दहावीला होती, २०२३ ला बारावीला. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेल्या आयांना आणि बाबांना सांगण्यासारखं थोडं माझ्यापाशी आहे. बरंचसं चुका करून शिकलेलं.

२०२१ चा निकाल काही धड निकाल नव्हताच. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली. नववीच्या गुणांवरून ५०, दहावीच्या वर्षातल्या शाळेतल्या लेखी परीक्षांवरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेचे २० अशी बेरीज झाली. १६ जुलैला एक वाजता निकाल जाहीर झाला आणि साइट तासन्‌तास उघडेना. आमच्याकडे दोन मोबाईल, एक लॅपटॉप, आणि फोनवरून दर पाच मिनिटांनी नणंदेचं 'दिसला का?' सगळे पास होणार हे माहीत असूनही माझे हात थरथरत होते. निकाल लागतो एक वाजता, तुम्हाला दिसतो तो केव्हाही, एवढं त्या दिवशी कळलं. म्हणून डिजिलॉकर या सरकारी ॲपवरचं खातं आधीच काढून ठेवा, निकाल तिथेही दिसतो, आणि आधारला जोडलेला नंबर चालू आहे ना, ते पाहून ठेवा. निकालाच्या दिवशी बंद पडलेलं सिम शोधत बसू नका.

खरी चूक झाली ती २०२३ ला.

थोरली सायन्सला. प्रत्येक पेपर झाला की मी तिला जेवू घालायची आणि जेवतानाच प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन बसायची. हा सोडवला का, तो किती मार्कांचा, स्टेप्स लिहिल्या ना. मग एका वहीत विषयवार आकडे. वहीचं ते पान माझ्याकडे अजून आहे: फिजिक्स ८४, केमिस्ट्री ८०, गणित ८८. पोरगी आकडे सांगायची ते माझं तोंड पाहून. हे मला तेव्हा कळलं नाही. मी त्या आकड्यांवर दोन महिने जगले, बहिणीला सांगितले, ऑफिसात सांगितले.

निकाल २५ मेला दुपारी दोनला. नवतपा लागायचाच दिवस, बाहेर नुसती आग, कूलर फुल्लवर. साइट उघडली, आसनक्रमांक टाकला, खाली आईचं नाव टाकलं, तर माहिती जुळत नाही म्हणे. तीनदा टाकलं. मग हॉलतिकीट काढून पाहिलं. फॉर्म भरताना माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणाकडून तरी एक 'ए' जास्त पडला होता, आणि वर्षभर आम्ही कोणी तो वाचलाच नव्हता. या निकालाचं कुलूप आईच्या नावाने उघडतं, म्हणून हॉलतिकिटावर तुमचं नाव जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर, आदल्या दिवशी एका कागदावर लिहून ठेवा. चूक असेल तर चुकीसकट. दुरुस्तीचं शाळा-कॉलेजात नंतर पाहता येतं.

निकाल उघडला. गणितात ६१. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, 'इतकेच?'

पोरगी काही बोलली नाही. आत गेली, दार लोटलं. मी बाहेर बसून टोटल मारत राहिले, जणू पुन्हा बेरीज केली तर वाढणार होती. अठरा दिवसांनी, १२ जूनला सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आला आणि मला उशिरा अक्कल आली. इंजिनिअरिंगची यादी लागते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के असले की पात्रता झाली. म्हणजे ज्या ६१ साठी मी घरात सुतक पाळलं, त्याने तिचं काहीच अडलं नव्हतं. तुमच्या मुलाला पुढे जे करायचंय त्यात बारावीचे टक्के नेमके कुठे मोजले जातात, हे निकालाआधी वाचून काढा. बीएस्सी-बीकॉमला मोजतात. इंजिनिअरिंगला पात्रतेपुरते. मेडिकलला यादी 'नीट' या प्रवेशपरीक्षेची. निम्मी धाकधूक तिथेच ओसरते.

धाकट्याच्या वेळी एप्रिलमध्ये मी पुन्हा वही काढली होती. थोरली हॉस्टेलवरून आलेली. तिने वही पाहिली, बंद केली आणि फ्रिजवर ठेवून दिली. म्हणाली, "आई, या वेळी एक काम कर. रिझल्ट दिसला की आधी ग्लासभर पाणी पी. पूर्ण. मग बोल."

दोन वर्षांत तिने 'इतकेच'चा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटलं होतं, विसरली.

वही फ्रिजवर गेल्यावर माझ्या हाताला दुसरं काम हवं होतं. काळजीला काम लागतंच, नाही दिलं तर ती पोराच्या मागे लागते. मी कागदांच्या मागे लागले, आणि या दिवसांत यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही नाही. जातीचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर. शेवटच्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे परीक्षा आटोपते तोवर तो नेमका जुना झालेला असतो. कोणत्या वर्षापर्यंत चालतो ते त्यावर लिहिलेलं असतं, फक्त डोळ्यांखालून घालायला हवं. एप्रिलमध्ये सेतू केंद्रात गेलात तर बसायला खुर्ची मिळते. निकालानंतर गेलात तर ४४ डिग्रीत रांग, आणि पुढचा माणूस झेरॉक्स विसरलेला. बारावी सायन्सवाल्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकलेला बरा. तो राहिला असेल तर निकालाची वाट न पाहता आजच उठा.

बाकीचा वेळ नागपुरातल्या उन्हाळ्यात आपोआप जातो. सासूबाईंच्या कुरड्या, मुगवड्या, गच्चीवर राखण. कूलरच्या ताट्या बदलणं आणि रोज दोनदा पाणी भरणं मी पोराकडे दिलं. पाइप लावून तो टाकीपाशी उभा राहायचा, पाणी वर येईस्तोवर मोबाईल. सुरुवातीला मी या मोबाईलवरून कटकट करायची, मग सोडून दिली. दहा महिने ज्याला घड्याळ लावून उठवलं त्याला दोन महिने लोळू द्यायला काय हरकत आहे. माझ्या नवऱ्याचं मत याउलट होतं आणि आमची त्यावरून भांडणंही झाली, ती इथे सांगत नाही.

लोकांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न. शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी कुंपणावरून: "काहून वो, लागला का रिझल्ट?" आणि लगेच, "किती पडतील म्हणते तो?" पहिल्यांदा मी आकडा सांगायची. आकडा सांगितला की तो आपल्याकडे परत येतो, व्याजासकट. या वेळी एकच उत्तर ठरवलं: "लागला की संत्रा बर्फी घेऊन मीच येते काकू." त्यावर पुढचा प्रश्न सुचत नाही कोणाला. हे उत्तर घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा, आजीला सुद्धा. आमची गळती आजीकडूनच होती.

व्हॉट्सॲपवर मंडळाच्या लेटरहेडसारखी दिसणारी पत्रं फिरतात, 'उद्या निकाल'. एप्रिलमध्ये तीन आली. मंडळ तारीख जाहीर करतं ती बहुधा आदल्या दिवशी, आणि ती सगळ्या वर्तमानपत्रांत येते. तुम्हाला एकट्यालाच आधी कळेल असं काही नसतं. एका क्लासवाल्यांचे फोनही सुरू होते: निकालाआधी नाव नोंदवलं तर फीमध्ये सूट, फक्त परवापर्यंत. हा 'परवा' महिनाभर चालला. थोरलीच्या वेळी मी त्याला भुलून ॲडव्हान्स भरला होता आणि तो बुडाला. या वेळी नंबर ब्लॉक केला.

एक बोलणं मात्र टाळू नका. नापास झाला तर काय. पोरगा हुशार असला तरी एकदा, जेवताना, साध्या आवाजात सांगून टाका. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. २०२५ ला ती जून-जुलैतच होती. मी हे सांगितलं तेव्हा पोरगा म्हणाला, "आई, मी पास होऊन राहिलो बाप्पा." पण ऐकून घेतलं. त्याचा एक मित्र गणितात राहिला. त्याच्या घरी हे कोणी आधी बोललं नव्हतं. तो दिवसभर फोन बंद करून गच्चीवर बसला होता, आणि त्याला खाली घेऊन आला तो आमचाच. पोरगं अचानक गप्प झालं, जेवेना, 'माझ्याने काही होणार नाही' असं बोलू लागलं, तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. आईबापांनीही लावला तरी चालतो.

१३ मे मंगळवार होता. सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीला जायचं आठवड्यापासून ठरवलेलं. पोरगा त्यांना पहाटे गाडीवर घेऊन गेला, ऊन चढायच्या आत परत. पावणेएकला मी हॉलतिकीट घेऊन बसले. शेजारी पाण्याचा ग्लास, थोरलीने भरून ठेवलेला. एक वाजला, पोराला हाक मारली. तो मागच्या अंगणात.

"थांब, टाकी भरू दे."

टाकी भरली, हात पुसत आला. आईचं नाव या वेळी पहिल्या फटक्यात जुळलं. ८३.४०. विज्ञानात धरले होते त्यापेक्षा बरेच कमी. तोंडाशी काय आलं होतं ते सांगत नाही. ग्लास उचलला. पाणी पिताना काठावरून पाहिलं, तर तो स्क्रीनकडे पाहतच नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"सायन्समध्ये कमी पडले न?"

"हौ. जेवायला काय करू?"

"पन्हं आहे का?"

त्याच संध्याकाळी कळलं की नऊ विभागांत आपला नागपूर विभाग सगळ्यात खाली, ९०.७८ टक्क्यांवर. काकूंना बर्फी दिली तेव्हा त्या हेच घेऊन बसल्या, आणि मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही. चला, पोरावरून विभागावर तरी गेल्या.

विज्ञानाच्या गुणांबद्दल शंका होती, म्हणून चौकशी केली. गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी निकालानंतर साधारण पंधरा दिवस असतात, अर्ज ऑनलाइन. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. ती आली, शाळेतल्या बाईंना दाखवली. दोन उत्तरं त्याने खरंच अर्धीच सोडली होती. विषय मिटला.

आणि मग दुसरी वाट पाहणं सुरू, ज्याबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाच्या भाग एकमध्ये माहिती, भाग दोनमध्ये एक ते दहा कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरला 'नाव मोठं' असलेलं टाकू नका, जिथे पोरगा दोन वर्षं खरंच रोज जाईल ते टाका. नंदनवनातून रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे काय, ते एकदा मे महिन्यात दुपारी जाऊन पाहावं, मग पसंती भरावी. फॉर्म भरायच्या पहिल्या दिवशी साइट चाललीच नाही, तारखा पुढे गेल्या, आणि पहिली यादी जूनच्या शेवटी लागली.

तोवर पाऊस आलेला. कूलर बंद, पोरगा ताट्या काढून गच्चीवर झटकत होता. यादीचा मेसेज माझ्या मोबाईलवर वाजला. मी खालून ओरडले, "अरे, लागली बघ यादी!"

वरून आवाज आला, "आई, आधी पाणी पी."