पिचरचा रेकॉर्ड कसा वाचायचा (हार-जीत आधी बाजूला ठेवा)

क्रिकेट बघणारे आपण बेसबॉलच्या पिचरचं (म्हणजे तिथल्या बोलरचं) आकड्यांचं पान उघडतो तेव्हा पहिली नजर हार-जीतच्या आकड्यावर जाते, आणि तिथेच फसतो. उदाहरण म्हणून टेक्सासचा नोलन रायन घेऊ. १९६६ ते १९९३ मधे २७ सीझन, ३२४ विजय, २९२ पराभव. एवढंच बघितलं तर वाटेल, बरा होता, बस्स.

आता त्याचं १९८७ चं साल उघडा. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसकडून ८ विजय, १६ पराभव. वाईट ना? पण त्याच वर्षी नॅशनल लीगमधे (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सगळ्यात कमी ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, त्याचा, २.७६, आणि सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट केलेले बॅटर) पण त्याचेच, २७०. म्हणजे हा बिचारा रन देतच नव्हता, टीमच त्याच्यासाठी रन काढत नव्हती, आणि पराभव लागायचा ह्याच्या नावावर.

म्हणून आधी ईआरए बघायचा. हिशोब सोपाय, दिलेले अर्न्ड रन गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग. फील्डरच्या चुकीमुळे आलेले रन यात धरत नाहीत. एक गोची आहे, २११.२ इनिंग लिहिलं असेल तर ते दशांश नाही हां, २११ पूर्ण आणि वर दोन आउट, कारण एका इनिंगमधे टीमचे तीन आउट असतात. क्रिकेटच्या ओव्हरसारखंच, फक्त इथे सहाऐवजी तीनात मोजायचं.

मग स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकटात मिळणारा पहिला बेस) शेजारी ठेवा, खरा स्वभाव इथे कळतो. रायनचे ५,७१४ स्ट्राइकआउट, हा रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही आणि मला नाही वाटत मोडेल. पण २,७९५ वॉक, तोही रेकॉर्डच! बॉल प्रचंड फास्ट, कुठे जाईल याची गॅरंटी नाही. आता हिट (बॅटरने बॉल मारून बेस गाठला ते) + वॉक भागिले इनिंग करा, याला व्हिप म्हणतात. रायनचा १.२५ च्या आसपास येतो. सात नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेली मॅच) टाकणाऱ्याच्या मानाने हा काही फार भारी नाही. त्याला हिट मारणं महाकठीण होतं पण फुकटात बेस मिळायचे, ते सगळं या एका आकड्यात दिसतं. साय यंग अवॉर्ड (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचा) त्याला एकदाही मिळाला नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही, त्या काळात मतदान करणारे विजयच मोजायचे. नंतर हे बदललं, २०१८ ला न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला फक्त १० विजयांवर मिळाला, कारण ईआरए १.७०.

शेवटी ग्राउंड तपासा. अ‍ॅस्ट्रोसचं घरचं ग्राउंड अ‍ॅस्ट्रोडोम बंदिस्त होतं, बॉल लांब जायचा नाही, म्हणजे तिथे पिचरची चैन. त्यामुळे घरच्या आणि बाहेरच्या मॅचचे आकडे वेगवेगळे काढा, मगच दोन पिचरची तुलना करा.