संयुक्त घनाकृतींचे घनफळ शिकवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांत दहावीच्या मुलांना वृत्तचिती, शंकू आणि अर्धगोल यांची सूत्रे सहसा तोंडपाठ असतात. तरीही दोन आकृत्या जोडून दिल्या की उत्तर चुकते. दोष शब्दांना देता येत नाही, कारण घनफळ, त्रिज्या, व्यास हे शब्द कन्नडमध्येही जवळजवळ असेच आहेत. चूक होते ती सूत्र लिहिण्याच्या आधी, आकृती वाचताना.

यासाठी मी फळ्यावर कडब्याची गंजी काढतो. खाली वृत्तचिती, वर शंकू, त्रिज्या 2.1 मीटर, खालच्या भागाची उंची 3 मीटर आणि शेंड्यापर्यंतची एकूण उंची 5 मीटर. उदाहरणात ‘उंची 5 मीटर’ असे वाचले की अनेक मुले तीच शंकूची उंची धरतात. वास्तविक शंकूची उंची 5 – 3 = 2 मीटर आहे. पाया 22/7 × 2.1 × 2.1 = 13.86 चौरस मीटर, म्हणून वृत्तचितीचे घनफळ 41.58, शंकूचे 9.24 आणि एकूण 50.82 घनमीटर येते. शंकूची उंची 5 धरली, तर हेच उत्तर 64.68 होते. याच गंजीत दुसरा सापळाही आहे. शेंड्यापासून उतारावरून दोरी सोडून मोजले तर 2.9 मीटर भरतात. ती तिरकस उंची झाली. ती पृष्ठफळासाठी लागते, घनफळासाठी नाही. म्हणून आकृतीत प्रत्येक भागाची उंची वेगळ्या रेषेने दाखवल्याशिवाय आकडेमोड सुरू करू देऊ नये, मग तास संपत आला असला तरी चालेल.

सर्वांत चिवट चूक मात्र आपणच, म्हणजे शिक्षकच, पेरलेली असते. आदल्या आठवड्यात पृष्ठफळ शिकवताना आपण ‘जोडावरचे तळ धरू नका’ असे वारंवार बजावतो, आणि मुले घनफळातूनही जोडाचे वर्तुळ वजा करू लागतात. चौरस मीटर घनमीटरमधून वजा होत नाहीत, हे सांगून फारसा फरक पडत नाही. करून दाखवावे लागते. मेणाच्या मातीची एक वृत्तचिती आणि एक शंकू करून दोन्ही काठोकाठ भरलेल्या भांड्यात एकदम बुडवावेत आणि सांडलेले पाणी मोजावे. नंतर ते एकमेकांना चिकटवून, भांडे पुन्हा काठोकाठ भरून, बुडवावेत. पाणी तेवढेच सांडते. (खानापूरच्या कुंभारांची माती यासाठी घेऊ नये, ती पाण्यात विरघळते आणि प्रयोगापेक्षा चिखलच जास्त होतो.)

व्यासालाच त्रिज्या समजणे ही चूक सर्वांच्या ओळखीची आहे. तिचा परिणाम मात्र मुलांना सांगावा: वृत्तचितीचे उत्तर चौपट होते, अर्धगोलाचे आठपट.

काटकोनी कट्ट्याच्या उदाहरणात कोपरा दोनदा मोजला जातो. बाहेरून 6 मीटर आणि 4 मीटर भुजा, रुंदी 1 मीटर, उंची अर्धा मीटर असेल, तर दुसरी भुजा 3 मीटरच धरावी लागते. घनफळ 4.5 घनमीटर आहे, 5 नव्हे. कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की हे लगेच दिसते.

वजाबाकीच्या उदाहरणांत विहिरीचा कठडा घ्यावा. बाहेरची त्रिज्या 2.5 मीटर, आतली 2 मीटर, उंची 1 मीटर. येथे मुले त्रिज्या आधी वजा करून फरकाचा वर्ग करतात आणि 0.25 लिहितात, तर वर्गांची वजाबाकी 2.25 येते. पहिल्या रीतीने अख्ख्या कठड्याचे बांधकाम एक घनमीटरही भरत नाही, दुसऱ्या रीतीने ते सुमारे 7 घनमीटर होते. हे दोन आकडे शेजारी लिहून गप्प बसावे. ज्याच्या घरी विहीर बांधली गेली आहे असा एखादा मुलगा चूक स्वतःच दाखवून देतो.