कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, रंगवायला घेताय? मग आधी पांढऱ्या रंगाचं नीट समजून घ्या

ब्रश, कागद, वॉश कसा मारायचा हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही. मी जिथे फसले तेवढं मात्र शांतपणे वाचा.

पांढरं कोरल म्हणजे मेलेलं कोरल नव्हे. परत सांगते, नव्हे! कोरलचा जीव, म्हणजे पॉलिप, जवळजवळ पारदर्शक असतो, त्याला रंग येतो तो बराचसा आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे आणि त्याचं बहुतेक अन्नही तेच शैवाल बनवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक अंगातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो, तो हा पांढरा. म्हणजे जीव उपाशी आहे पण आहे, पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. मेलं की मात्र त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते, कडा पुसट होतात. २०२४ मध्ये लक्षद्वीपला ब्लीचिंग, म्हणजे कोरलचं असं पांढरं पडणं, झालं तेव्हा मी पांढरी चित्रं काढून त्यांना मृत्यू म्हणत होते. जे अजून वाचू शकतं त्याला आपणच चित्रात मारलं तर बघणारा हळहळतो आणि पुढे जातो, करण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटतच नाही. आणि ते निऑन निळं-गुलाबी कोरल? काही कोरल ब्लीच होताना तशी चमकतात, त्यामुळे सगळ्यात देखणा फोटो आजारी कोरलचा असू शकतो.

म्हणून पिंटरेस्टवरून रंग उचलू नका. तिथल्या चित्रांत कॅरिबियन कोरलमध्ये क्लाउनफिश मासे पोहताना दिसतात, जे कॅरिबियन समुद्रात नसतातच. मालवणला जा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे मोहरी, तपकिरी, शेवाळी रंग दिसतील, आणि खोल गेलं की लाल सगळ्यात आधी विझतो. माझं स्पष्ट मत, महागड्या ऑनलाइन कोर्सपेक्षा स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या स्थानिक दादांना प्रश्न विचारा, ते तोच खडक वर्षानुवर्षं बघतायत.

कोरलचा तुकडा स्टिल लाइफसाठी, म्हणजे समोर ठेवून चित्र काढायला, घरी आणू नका, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. कायद्याने वाघाला आहे तसं संरक्षण दगडी कोरललाही आहे.

सुरुवातीची चित्रं मळकट दिसतील, घाबरू नका, आपला समुद्रच तसा गढूळ-हिरवा आहे आणि ते करडे-हिरवे टोन हाताला बसायला वेळ लागतोच. ॲक्रिलिक वापरत असाल तर ते प्लास्टिक आहे हे लक्षात ठेवा, ब्रशचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी परत ब्रश धुवायला वापरा आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाका.